आमवाताचे हात आणि सहा लिटरचा मल्टीकुकर : प्रकल्प नोंदी (टिळकवाडी, बेळगाव)

८ जानेवारी २०२५

मशीन आणण्याआधी दोन दिवस नुसतं मोजलं. घरात माणसं दोन. स्वयंपाक मावशींकडे, आणि त्यांची दोन्ही मनगटं व बोटांचे सांधे आमवाताने धरलेले. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही, आणि घरात घाई असते ती नेमकी तेव्हाच. वरण-भात, एक भाजी आणि चार भाकऱ्या एवढ्यासाठी ओट्यापाशी उभं राहणं ७० मिनिटं. दोन किलोच्या वरचं काही उचलणं ९ वेळा. प्रेशर कुकरचं झाकण लावणं-काढणं ४ वेळा, आणि सगळ्यात जास्त कळ त्यातच.

म्हणून पुढच्या नोंदींत तीन आकडे बघायचे: उभं किती, उचल किती, मूठ आवळणं किती. स्वयंपाक किती वेळात झाला ते दुय्यम. त्यात मशीन गॅसला फारसं हरवत नाही. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

१२ जानेवारी

खरेदी: ६ लिटर, १००० वॅट, आतलं भांडं स्टीलचं, ७,२९० रुपये.

पहिली चूक इथेच. दोन माणसांना ३ लिटरचं पुरतं. सहाचं रिकामं भांडंच ९५० ग्रॅमचं. अर्धं भरलं की चार किलोच्या घरात जातं. दुखऱ्या मनगटाने ते बाहेर काढणं शक्य नाही. वर कमीत कमी पाणीही जास्त लागतं, दीड कप. परत करायचं ठरत आलं होतं, पण आतला व्यास २२ सेंमी निघाला. म्हणजे १८ सेंमीचे दोन बसके डबे जाळीवर एकावर एक बसतात. तीनच्यात हे जमत नाही. त्या एका कारणासाठी ठेवलं, आणि नियम केला: आतलं भांडं भरलेलं असताना कधीच उचलायचं नाही. एकतर डबे काढायचे, नाहीतर ओगराळ्याने तिथूनच वाढायचं.

नॉनस्टिक भांड्याचं मशीन हलकं पडतं हे खरं. पण आत स्टीलचे डबे ठेवायचे तर महिन्यात चरे.

१३ जानेवारी

जागा. ओटा ८४ सेंमी, मशीन ३२ सेंमी. झाकण ११६ सेंमीवर गेलं. आत बघायला टाचा उंच कराव्या लागतात आणि हात खांद्याच्या जवळ जातो. शिवाय वर भिंतीतलं कपाट. पहिल्याच वाफेत त्याच्या खालच्या सनमायकाला घाम सुटला. रोज असं झालं तर सहा महिन्यांत पत्रा सुटतो.

मशीन ५५ सेंमीच्या बुटक्या टेबलावर, खिडकीशेजारी हलवलं. आता झाकण ८७ सेंमीवर, आणि स्टुलावर बसून सगळं दिसतं.

झाकणाची भानगड वेगळी. एका हाताने झाकण फिरवलं की अख्खं मशीनच टेबलावर फिरतं, म्हणून दुसऱ्या हाताने ते धरावं लागतं. म्हणजे दोन्ही मनगटं कामाला लागली. जुन्या कुकरपेक्षा वाईट. खाली रबरी जाळीची चटई (१२० रुपये) घातल्यावर फिरणं थांबलं. झाकणाची मूठ कमानीसारखी उंच आहे. तिच्या पोकळीत लाटणं आडवं सरकवायचं आणि लाटण्याचं टोक तळव्याने ढकलायचं. मूठ आवळावीच लागत नाही. आज मावशींनी बारा वेळा लावून-काढून पाहिलं. लाटणं आता पोळपाटाजवळ नाही, टेबलाच्या खिळ्याला टांगलेलं असतं.

१४ जानेवारी

१००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला सव्वाचार अँपियर. कागदावर ६ अँपियरच्या सॉकेटला चालतं. प्रत्यक्षात टेबलाजवळ सॉकेट नव्हतं, म्हणून एक्स्टेंशन बोर्ड लावला. वीस मिनिटांत प्लग हाताला चटका देईल इतका तापला. बोर्डाच्या आतल्या पट्ट्या सैल होत्या. बंद. १६ अँपियरचा नवा पॉइंट, वेगळी वायर ओढून, टेबलाच्या उंचीवर: ८५० रुपये आणि वायरमनची वाट बघण्यात पाच दिवस. हे काम खरेदीच्या आधी करायला हवं होतं. बटण मोठं, कोपराने दाबता येईल असं घेतलं. रोज प्लग ओढून काढायचा नाही, बटणच बंद करायचं.

१९ जानेवारी

पाण्याची चाचणी. तीन कप पाणी, प्रेशर, ५ मिनिटं. झाकणावरची पिन (आत दाब झाला की वर येते, दाब गेला की खाली) ८ मिनिटांनी वर आली. बाजूने वाफ नाही, झाकणाखाली थेंब नाहीत. वाफ सोडायची कळ बोटाने ढकलायची नाही. लांब दांड्याच्या लाकडी उलथन्याने बाजूने टोचायची.

पॅनेलवर वीस बटणं, लागतात चारच. त्या चारांवर टिकल्या चिकटवल्या: लाल म्हणजे प्रेशर, हिरवी म्हणजे बंद, दोन काळ्या वेळ कमी-जास्त करायला. चष्मा नसतानाही चुकत नाही.

२० ते २३ जानेवारी : वरण-भात

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, कारण शिट्ट्यांचा हिशोब इथे लागू होत नाही. हे मशीन शिट्टी देत नाही आणि गॅसवरच्या कुकरइतकं तापतही नाही. तो १५ पीएसआय (दाबाचं माप) इतक्या दाबाला १२१ अंशांवर जातो. हे ११-१२ पीएसआयच्या आसपास, ११५ ते ११८ अंशांवर थांबतं. शिवाय डबा आणि भांड्यामध्ये नुसती वाफ, म्हणून उष्णता सावकाश पोचते.

पहिला दिवस: तूरडाळ न भिजवता, ६ मिनिटं. भात बरा, डाळ मध्ये कच्चट.
दुसरा दिवस: १२ मिनिटं. डाळ शिजली, भाताचा गिचका. बेळगाव बासमती आधीच मऊ होणारा तांदूळ. त्याला एवढा वेळ सोसत नाही.
तिसरा दिवस: डाळ ४० मिनिटं कोमट पाण्यात भिजवून, ९ मिनिटं, नंतर १० मिनिटं हात न लावता वाफ आपोआप जिरू दिली. दोन्ही जमलं.

ठरलेलं माप: तळाला दीड कप पाणी, जाळी, खालच्या डब्यात पाऊण कप डाळ आणि सव्वादोन कप पाणी, अर्धा चमचा तेल, हळद, वरच्या डब्यात एक कप तांदूळ आणि दीड कप पाणी, वर ताटली. डाळीचा डबा अर्ध्याच्या वर भरायचा नाही. फेस उठून पिनेत गेला तर पिन वाळून चिकटते आणि दुसऱ्या दिवशी वरच येत नाही.

चौथ्या दिवशी हेच माप, हीच वेळ, आणि डाळ परत कच्ची. बराच वेळ डोकं खाल्ल्यावर कारण सापडलं: त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, डाळ बोअरच्या पाण्यात लावली होती. जड पाण्यातल्या क्षारांनी डाळ आखडते. राकसकोप जलाशयाचं, नळाला येणारं पाणी शिजवण्यापुरतं एका कळशीत बाजूला ठेवायला सुरुवात केली. बोअरचं पाणी तळाला वाफेसाठी चालतं, डब्यात नको. चिंच, टोमॅटो, आमसूल हेही डाळ शिजल्यावरच; आंबटात डाळ लवकर गळत नाही.

२६ जानेवारी

डबे बाहेर काढणं. सांडशीने पकडायला मूठ आवळावी लागते. एकदा वरचा डबा निसटून भात टेबलावर. सिलिकॉनची पट्टीवाली झोळी आणली, २८० रुपये. दोन्ही डबे तिच्यात ठेवूनच आत सोडायचे. काढताना दोन्ही कड्यांत मनगटाच्या वरचा भाग, म्हणजे पुढचा हात घालून उचलायचं. बोटांना काम नाही. पण वाफ गेल्यावर पाच मिनिटं थांबायचं. पुढचा हात कड्यांत अडकलेला असताना चटका बसला तर लगेच सोडवता येत नाही.

२ फेब्रुवारी : अख्खा मसूर, आणि तळ लागणं

अख्खा मसूर निवडला कारण तो भिजवावा लागत नाही. आयत्या वेळी ठरवता येतो. थेट भांड्यात कांदा परतला, टोमॅटो, कांदा-लसूण चटणी, मग मसूर आणि पाणी. सात मिनिटांनी मशीनने तळ लागल्याची सूचना दिली आणि तापणं बंद केलं.

कारण: परतताना कांदा-चटणीचा थर तळाला धरला. त्यावर पाणी ओतलं, पण थर सुटला नाही. तळाखालच्या सेन्सरला तेवढाच भाग जास्त तापलेला दिसतो. उपाय म्हणून झाकण काढलं, अर्धा कप कढत पाणी घातलं, सपाट लाकडी उलथन्याने तळ खरवडला, परत सुरू केलं. अर्धा तास गेला. खरवडण्याने मावशींचं मनगट संध्याकाळपर्यंत ठणकत होतं. म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच झालं.

परतणं हा प्रकारच काढून टाकला. आता कांदा, खोबरं, आलं-लसूण, चटणी यांचं वाटण रविवारी दुसऱ्या कोणीतरी एकदाच भाजून-वाटून द्यायचं. ते बर्फाच्या ट्रेत गोठवायचं. एक खडा साधारण ३० ग्रॅम. एक कप मसूर, तीन कप पाणी, दोन खडे, टोमॅटो न चिरता वरती, ढवळायचं नाही; १२ मिनिटं, १० मिनिटं जिरू द्यायचं. टोमॅटो नंतर पळीने दाबला की फुटतो, साल आपोआप सुटते. चव भाजलेल्या कांद्याची येते की नाही यावर घरात मतभेद आहेत. चटणी नेहमीची असेल तर फरक कळत नाही, असं इथलं मत.

लागलेलं भांडं घासायचं नाही. दोन कप पाणी, चमचाभर खायचा सोडा, परतायच्या बटणावर पाच मिनिटं उकळायचं. थर पापुद्र्यासारखा निघतो.

९ फेब्रुवारी

व्होल्टेज. संध्याकाळी सातला वरण-भात लावला की पिन वर यायला १३ ऐवजी २१ मिनिटं. मशीन बिघडलं असं वाटून रिंग, पिन, झाकण सगळं तपासलं, दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी मीटर लावून पाहिलं: १८० व्होल्ट. तापवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. १८० ला हजार वॅटचे सहाशेच उरतात. मशीन निर्दोष होतं. उपाय एकच, दुपारी चारला लावायचं. तेव्हा व्होल्टेज २२५.

वीज मध्येच गेली तर हे मशीन परत आल्यावर आपोआप सुरू होत नाही, नुसतं थांबून राहतं. काही मॉडेलं सुरू होतात. आपलं कोणतं ते मुद्दाम बटण बंद करून आधीच बघून ठेवावं. पिन वरच असेल तर उरलेली मिनिटं लावायची. पिन खाली गेली असेल तर वेळ पूर्ण. कोमट अवस्थेत दोन तासांवर राहिलेलं अन्न टाकायचं. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर हे मशीन लावू नये, ओव्हरलोडचा आवाज येऊन सगळं घर अंधारात जातं.

१६ फेब्रुवारी : भाकरीचं काय

भाकरी या मशीनमध्ये होत नाही. पीठ मळणं, थापणं, तव्यावर टाकून पाणी फिरवणं, या तिन्हीला मनगटच लागतं आणि मोजमापात सगळ्यात मोठा वाटा तिचाच होता. भाकरी सोडा म्हणणं सोपं आहे; जोंधळ्यावर वाढलेल्या माणसाचं भाताने पोट भरत नाही.

जोंधळ्याच्या कण्या करून पाहिल्या. कन्नड घरांत याला नुच्चु म्हणतात. गिरणीत जोंधळा भरड काढून मिळतो, फक्त आधी सांगावं लागतं.

पहिला प्रयत्न थेट भांड्यात: पिठूळ पाणी तळाला बसलं, सहाव्या मिनिटाला तळ लागल्याची तीच सूचना.
दुसरा, डब्यात एकास तीन पाणी: वर कोरड्या, खाली गोळा. गोळ्याचं कारण भरडीतलं बारीक पीठ. ते खाली बसतं आणि चिकटतं.
तिसरा: भरड आधी मैद्याच्या चाळणीने चाळून पीठ काढून टाकलं (ते पीठ आंबिलीला जातं), कण्या दोनदा धुतल्या, डब्यातच ४० मिनिटं भिजवल्या, एकास चार पाणी, मीठ, १५ मिनिटं, पूर्ण जिरू दिलं. उघडल्यावर पाणी वर तरंगतं. घाबरायचं नाही; काट्याने दोनदा हलवून दहा मिनिटं झाकून ठेवलं की आळतं. ताक आणि लसणाची चटणी घालून दुपारचं जेवण झालं. उभं ६ मिनिटं.

आठवड्यात चार दिवस कण्या, उरलेले तीन दिवस विकतची कडक भाकरी. ती आमटीत पाच मिनिटं बुडवली की दातांनाही सोपी जाते. ताज्या भाकरीची सर दोन्हीला नाही, ते कबूल.

२३ फेब्रुवारी

वेळ लावून ठेवण्याची सोय, म्हणजे रात्री भरून ठेवायचं आणि पहाटे आपोआप सुरू. सकाळच्या आखडलेल्या तासासाठी हीच सोय सगळ्यात कामाची वाटली होती. रात्री नऊला हिरवे मूग पाण्यात, पहाटे सहाला सुरू. झाकण उघडल्यावर आंबूस वास. दिवसाची उन्हं तापायला लागली आहेत, बंद भांड्यात नऊ तास भिजलेले मूग आंबणारच. टाकले.

आता मूग संध्याकाळी फ्रिजमध्ये भिजतात. झोपताना पाणी बदलून, थंडगार पाण्यासकट मशीनमध्ये, आणि तेही जास्तीत जास्त सात तासांसाठी. एप्रिल-मेमध्ये हेही नको, तेव्हा अख्खा मसूर कोरडाच ठेवून सकाळी फक्त पाणी ओतायचं. दूध, नारळाचं दूध, मटण, कालचं उरलेलं, यातलं काहीही वेळ लावून ठेवायचं नाही.

मंद आचेचं जे बटण आहे त्यावर राजमा किंवा घेवडा कधीही लावू नये. ती उष्णता त्यांच्यातलं विष मारायला पुरत नाही. नीट उकळलेच पाहिजेत. प्रेशरवर अडचण नाही.

२ मार्च

परत मोजलं. उभं ७० वरून २४ मिनिटं. दोन किलोच्या वरची उचल ९ वरून १. कुकरच्या झाकणाची झटापट संपली. एकूण वेळ मात्र ७० वरून ८५ मिनिटांवर गेला.

आठवड्यातला एक दिवस वेगळा धरावा लागतो. मेथोट्रेक्सेटच्या (आमवातावरची, आठवड्यातून एकदाच घ्यायची) गोळीच्या दुसऱ्या दिवशी मावशींना थकवा आणि मळमळ असते, आणि फोडणीचा वास अजिबात नको असतो. त्या दिवसासाठी: रताळी. इथल्या बाजारात हंगामात स्वस्त आणि चांगली मिळतात. धुवून, न सोलता, जाळीवर, २०० ग्रॅमची असतील तर १४ मिनिटं. साल बोटाने ओढली की निघते. वास खोलीभर पसरत नाही, कारण वाफ सोडायचीच नाही, जिरू द्यायची. सोबत दही.

१३ मार्च, होळी

पुरण. हरभरा डाळ दोन कप, तीन तास भिजवून, थेट भांड्यात पाच कप पाणी, तेल, १४ मिनिटं. डाळ छान, कट भरपूर. इथपर्यंत सोपं. मग गूळ त्याच भांड्यात घालून परतायचं बटण दाबलं, आणि दहा मिनिटांत तळ धरला. गूळ घातल्यावर या मशीनवर भरवसा ठेवू नये. आच कमी ठेवली तरी ती झटक्यांनी चालू-बंद होते. उरलेलं जाड कढईत गॅसवर केलं, पण घोटायला हँड ब्लेंडर वापरला (१,१५० रुपये, बटण मोठं बघून घेतलेला). पुरणयंत्राचा दांडा फिरवणं वाचलं. पोळ्या बाहेरून सांगितल्या. कटाची आमटी घरची.

दुसऱ्या दिवशी तांदळाच्या खिरीला कटाच्या आमटीचा वास. सिलिकॉनची रिंग मसाला धरून ठेवते, धुवून जात नाही, उन्हात ठेवून अर्धाच जातो. दुसरी रिंग घेतली, ३२० रुपये. गोडाची पांढरी, तिखटाची निळी.

२३ मार्च

पिन वर येईना, झाकणाच्या कडेने वाफ. पंचवीस मिनिटं तसंच चाललं, तळाचं पाणी आटलं आणि मशीन बंद पडलं. रिंग बदलताना एका जागी तारेबाहेर राहिली होती. मावशींच्या अंगठ्यात रिंग दाबून बसवण्याइतका जोर नाही. त्यांनी बसवली होती कारण घरात दुसरं कोणी नव्हतं. आता निळी रिंग कायम राहते, पांढरी फक्त रविवारी, बदलणारं माणूस घरात असताना. आणि नियम: पिन नेहमीच्या वेळेपेक्षा पाच मिनिटं उशिरापर्यंत आली नाही तर वाट बघायची नाही, बंद करून रिंग बघायची.

६ एप्रिल

खर्च आजपर्यंत: मशीन ७,२९०, दोन डबे ४८०, झोळी २८०, रिंग ३२०, पॉइंट ८५०, चटई १२०, ब्लेंडर १,१५०. एकूण १०,४९० रुपये.

वीज रोज साधारण ०.५५ युनिट, महिन्याला १७ च्या आसपास. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) असलेल्या घरांनी हे आधी बघावं: मोफत मर्यादा म्हणजे साधारणपणे आपली २०२२-२३ ची सरासरी अधिक १० टक्के, सरसकट २०० नव्हे. या घराची सरासरी ८४, म्हणून मर्यादा ९२. मशीन आल्यावर मार्चचं वाचन १०१. वरच्या ९ युनिटांचे पैसे भरले. २०० च्या वर गेलं तर मात्र सगळंच बिल अंगावर येतं. गॅसचा सिलिंडर ३८ दिवसांऐवजी ५४ दिवस गेला.

राहिलेलं काम: फोडणी. ती अजून गॅसवरच, लोखंडी पळीत, आणि ती पळी जड आहे. हलक्या दांड्याची फोडणीची पळी गणपत गल्लीत बघायची आहे. तोवर तूप-जिरं स्टीलच्या वाटीत, वाटी चिमट्याने न धरता तव्यावर ठेवून.